पितळी पातेले आणि आढावा-लेख
(शिरूर व दौंड तालुक्यांतील सभासद आणि विद्यार्थ्यांपुढे दौंड येथे दिलेले व्याख्यान)



आपली काही मुले-मुली आता वैद्यकीय शिक्षण घेत आहेत. त्यांतल्या एकाने मला विचारले, "सर, लिव्हरच्या जर्नलमध्ये रिव्ह्यू आर्टिकल द्यायचे आहे. दहा-बारा लेखांचे सारांश एकापुढे एक लिहिले तर चालेल ना?" चालणार नाही. का चालणार नाही, हे सांगण्यासाठी एक उदाहरण घेतो. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुकचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प आपल्याला माहीत आहे. डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने तो पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाने सुरू केला. हे उदाहरण त्याच रुग्णालयातल्या डॉक्टरांचे आहे.

इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस नावाचा एक रोग होता. आज तो क्वचितच आढळतो. एक ते तीन वर्षांचे मूल. पोट फुगायचे, यकृत दगडासारखे कठीण व्हायचे, पुढे कावीळ, आणि बहुतेक मुले दगावायची. कलकत्त्याच्या डॉक्टरांनी 1887 साली त्याची पहिली नोंद केली. जुन्या लेखांत वारंवार येते की हा रोग अमुक जातींत, अमुक घराण्यांत जास्त दिसतो आणि एका घरात दोन-दोन भावंडांना होतो. म्हणजे दोष रक्तातच असणार! रक्ताचा दोष म्हटला की घरात बोट कोणाकडे जाते, हे इथल्या माता-भगिनींना मी सांगायला नको.

सन 1983 मध्ये डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्या गटाने 'लॅन्सेट'मध्ये वेगळी शक्यता मांडली. या बालकांच्या यकृतात तांबे अतोनात साठलेले असते. ते वरच्या दुधातून येत असावे, कारण दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवले आणि ठेवले जाई. दुधातल्या केसीन या प्रथिनाला तांबे चिकटते. पितळेत ताक कळकते हे आपल्या आयांना पक्के ठाऊक होते, म्हणून कल्हईवाल्याची वाट पाहिली जाई. दुधाबद्दल तेवढा धाक नव्हता. 1987 साली याच डॉक्टरांनी आजारी मुलांच्या आहाराची तुलना निरोगी मुलांच्या आहाराशी करून ती माहिती प्रसिद्ध केली.

आता भावंडांकडे पुन्हा पाहा. दोन भावांचे रक्त एक, हे खरे; पण पातेलेही एकच! 'एका घरात दोघांना झाला' हा पुरावा दोन्ही बाजूंनी वापरता येतो. तो कोणत्या बाजूला किती वजनाचा, हे ठरवणे म्हणजे आढावा-लेख. मूळ शोधनिबंधात लेखक स्वतः पाहिलेले सांगतो; आढावा घेणारा इतरांनी पाहिलेले तोलतो.

तोलायला दूरचा पुरावाही लागतो. ऑस्ट्रियाच्या टायरोल भागात 1900 ते 1974 या काळात 138 बालके अशाच रोगाने गेली. तिथेही तांब्याची भांडी होती, आणि ती गेल्यावर रोगही गेला. हे 1996 साली प्रसिद्ध झाले. मात्र तांब्याच्या भांड्यातले दूध पिणारी सगळीच मुले आजारी पडली नाहीत. तेव्हा अंगची प्रवृत्तीही मानावी लागली.

सन 1998 मध्ये टॅनर यांनी आढावा-लेख लिहून तांब्याची बाजू मांडली. 2013 साली नायक आणि चितळे यांनी 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये आढावा-लेखच लिहून तांब्याच्या उपपत्तीवर गंभीर शंका घेतली. पुरावा बराचसा तोच! मला स्वतःला टॅनर यांची बाजू जड वाटते. पण ते स्वतःच्याच सिद्धांताचा आढावा घेत होते, हे वाचकाने विसरू नये.

छापण्याची रीत थोडक्यात सांगतो. 'सेमिनार्स इन लिव्हर डिसीज' 1981 पासून मुख्यतः आढावा-लेखच छापते. भारतीय यकृत-अभ्यासकांच्या संघटनेचे स्वतःचे जर्नल 2011 साली निघाले. असे लेख बरेचदा संपादक मागवून घेतात, म्हणून नवख्याने आधी आराखडा पाठवून विचारावे आणि अनुभवी सहलेखक घ्यावा. लेख कुठे व कोणते शब्द घालून शोधले, कोणते वगळले आणि का, हे लिहावे. एकाच रुग्णालयाचे तेच रुग्ण तीन लेखांत आले असतील तर तीनदा मोजू नयेत. 'पैसे भरा, आठ दिवसांत छापतो' असे पत्र आले तर ते केरात टाकावे.

आणि मूळ लेख वाचल्याशिवाय त्याचा दाखला देऊ नये. मी एकदा दिला होता, दुसऱ्याच्या लेखातून उचलून. परीक्षकाने विचारले, "या पानावर असे कुठे आहे?" मी ग्रंथालयात जाऊन पाहिले. नव्हते. उलटेच होते! तो लेख मी मागे घेतला. नंतर वर्षभर काही लिहायचा धीर झाला नाही.

नायक-चितळे यांचा लेख इंटरनेटवर मोफत वाचता येतो. विद्यार्थ्यांनी वहीत दोन रकाने आखावेत. डावीकडे, कोणी प्रत्यक्ष काय पाहिले. उजवीकडे, त्यावरून काय ठरवले. पुढच्या बैठकीला त्या वह्या घेऊन या. शिरूरच्या मुलांनी यायच्या आधी गाडीची वेळ तेवढी पाहून ठेवा.