नभोवाणीचा सुवर्णकाळ

चार वृद्ध गृहस्थ एकत्र जमले आणि रेडिओचा विषय निघाला, की संभाषण एका ठरावीक वाक्यापाशी येऊन थांबते : ‘आता पूर्वीचे काही राहिले नाही !’ मीही त्याच वयाचा झालो असल्यामुळे हे वाक्य माझ्याही ओठांवर वारंवार येते. परंतु पूर्वीचे म्हणजे नेमके कोणत्या सालचे, असे कोणी विचारले, की त्या चौघांत चार मते पडतात. नभोवाणीचा सर्वोत्तम काळ कोणता आणि निकृष्ट काळ कोणता, याचा निवाडा लोकमतावर सोपविला तर तो कसा लागेल, याचा आज थोडा विचार करू.

प्रथम १९५२ साल घ्या. त्या वर्षी आपल्या महाराष्ट्रातीलच डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. लोकांची अभिरुची सुधारावयाची तर चित्रपटगीतांना आळा घातला पाहिजे, असा त्यांचा ठाम विश्वास होता. त्या गीतांचा वेळ कमी करण्यात आला. निर्मात्यांनीही रागाने परवानगी काढून घेतली, आणि थोड्याच दिवसांत ती गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. उलट त्याच वर्षी शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि मोठमोठ्या गवयांची गाणी घरबसल्या ऐकण्याची सोय सामान्य कुटुंबासही लाभली.

पुण्याच्या आमच्या वाड्यात या एकाच घटनेवर दोन निकाल लागले. वडिलांना, म्हणजे आमच्या अण्णांना, तो सुवर्णकाळ वाटे. शनिवारी रात्री गाणे सुरू झाले, की घरात भांड्याचाही आवाज होता कामा नये, असा त्यांचा दंडक होता. आत्याच्या मते मात्र रेडिओवर तेव्हा ग्रहण लागले होते. ती भांडत नसे. बुधवारी रात्री अण्णा कीर्तनाला बाहेर पडले, की शांतपणे रेडिओचे बटण फिरवून सिलोन लावी. महायुद्धाच्या काळातील शक्तिशाली प्रक्षेपक सिलोनच्या हाती आलेला होता, आणि डिसेंबर १९५२ पासून अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ तेथून ऐकू येऊ लागली होती. तो कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई, कोलंबोला जाई आणि समुद्र ओलांडून पुन्हा आमच्या माजघरात येई ! देशभर असंख्य घरांत हेच चालले होते. श्रोत्यांनी सभा भरविल्या नाहीत की ठराव केले नाहीत. त्यांनी केवळ बटण फिरविले. अखेर ऑक्टोबर १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू झाली, आणि गेलेली गाणी सन्मानाने घरी परतली.

पण श्रोतेहो, याच ‘ग्रहणा’च्या मध्यावर, १ एप्रिल १९५५ रोजी, पुणे केंद्रावरून गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडक्यांची चाल; दर आठवड्यास एक नवे गीत, आणि अशी एकंदर ५६ गीते. या दोघांचेही नाव चित्रपटसृष्टीत गाजलेले होते, हे ध्यानात घ्यावे. शुक्रवारी सकाळी अण्णा आणि आत्या एकाच सतरंजीवर बसत. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. माझा सुवर्णकाळ कोणता, असे मला कोणी विचारले, तर मी त्या सतरंजीकडेच बोट दाखवीन. मग १९५५ हे साल चांगले म्हणावे की वाईट ? स्मृतीला विचाराल तर ती आपल्या बालपणाच्याच बाजूने कौल देणार. तिची साक्ष गोड असते, परंतु ती निःपक्षपाती नसते.

आता दुसरे एक साल सांगतो. जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली. सरकारच्या प्रचारकार्यास सहकार्य देण्याचे नाकारले म्हणून मे १९७६ मध्ये किशोरकुमार यांची गाणी आकाशवाणीवरून बंद करण्यात आली. पण गाण्यांहूनही मोठी हानी बातम्यांची झाली. कोणाला अटक झाली, कोठे काय घडले, हे ऐकण्यासाठी लोक रेडिओपाशी बसत, आणि रेडिओ तेवढे सोडून सर्व काही सांगे. एका रात्री मी पाहिले : खिडक्या लावून घेतलेल्या, आवाज अगदी लहान, आणि आमचे वृद्ध अण्णा रेडिओला कान लावून लघुलहरींच्या खरखरीतून बी. बी. सी. चे हिंदी बातमीपत्र शोधीत होते. दाराशी आत्या उभी होती. ती हसली नाही. पुढे येऊन तिने आपल्या सरावलेल्या हाताने ते बटण किंचित फिरविले, आणि आवाज स्पष्ट झाला. अण्णा एवढेच म्हणाले, ‘बैस.’

त्या रात्री मला निकृष्ट काळाची खूण पटली. न आवडणारे गाणे लागले म्हणून काळ निकृष्ट ठरत नाही. ज्याला गाणे नको तो बटण फिरवितो. आपल्याच घरची खबर परक्याच्या तोंडून ऐकण्यासाठी गृहस्थाला खिडक्या लावून घ्याव्या लागतात, तो काळ निकृष्ट होय.

आज अण्णा नाहीत आणि आत्याही नाही. अमीन सयानी यांचा आवाजही २०२४ मध्ये शांत झाला. २००१ पासून खासगी केंद्रे आली. त्यांवरील अखंड बडबड ऐकून मी कुरकुरतो, तेव्हा नात मला विचारते, ‘आजोबा, तुमचे अण्णा सिलोनविषयी असेच बोलत ना ?’ तिचे म्हणणे मला मुकाट्याने मान्य करावे लागते. मात्र या खासगी केंद्रांना गाणी वाटेल तितकी लावता येतात, पण स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा अद्याप नाही. आकाशवाणीच्या बातम्याच त्यांना ऐकविता येतात. आपल्या तक्रारींपैकी थोड्या जरी गाण्यांवरून उठून इकडे वळल्या, तर पुढच्या पिढीच्या सुवर्णकाळास आपला हातभार लागेल, असे मला वाटते.