केसांचा टोप निवडताना
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझं शिक्षण सातवीपर्यंत, आणि मंडळात आजवरचं माझं काम म्हणजे चहाचं आधण ठेवणं नि सतरंज्या घालणं. पण गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चिटणीसबाईंनी माझ्या केसांचं कौतुक केलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की हे माझे आहेत, पण मागे वर्षभर तुम्ही पाहत होतात ते माझे नव्हते. एकदम सगळ्या गप्प झाल्या. नंतर मात्र जिन्यात एकेकीनं मला बाजूला घेतलं. एकीच्या बहिणीला टोप हवा होता. एकीचे केस भांगापाशी फार विरळ झालेत. एकीनं नुसतं "केवढ्याला पडतो?" एवढंच विचारलं, कोणासाठी ते सांगितलं नाही. चिटणीसबाई म्हणाल्या, जिन्यात सांगता ते सभेत सांगा. म्हणून उभी राहिले आहे.

2022 च्या पावसाळ्यात मला स्तनाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, या औषधानं पहिल्या डोसानंतर दोन-तीन आठवड्यांत केस जातील, औषध संपल्यावर परत येतील. लाज वाटते सांगायला, पण गाठीपेक्षा मला केसांचंच रडू जास्त आलं. आमच्या सासूबाईंचं तर विचारू नका. त्यांच्या लहानपणी घरात एक सोवळ्या आत्याबाई होत्या, लाल आलवणातल्या. त्यांचं डोकं करायला न्हावी यायचा तेव्हा मुलांना परसात घालवत. विधवांचे केस आम्ही कापणार नाही म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईतल्या नाभिकांनी 1890 च्या सुमारास संप केला होता, हे आपण इथंच एका व्याख्यानात ऐकलं. तरी ती चाल मोडायला पुढे किती वर्षं लागली पहा. सासूबाई म्हणाल्या, "तुझा नवरा धडधाकट समोर उभा असताना मला हे बघायला लावू नकोस गं." त्या मला नाही, त्या आत्याबाईंना पाहत होत्या. पण त्या क्षणी मला ते कळलं नाही. मी त्याच आठवड्यात टोप आणायला गेले.

आता माझी चूक ऐका. माझे केस कमरेपर्यंत होते, म्हणून टोपही कमरेपर्यंतचाच पाहिजे असा हट्ट धरला. दुकानाचं नाव घेत नाही. माणसाच्या केसांचा आहे, अस्सल आहे, असं सांगून त्यानं 12,000 रुपये घेतले. माझ्या भिशीचे होते. आरशात मी अगदी पूर्वीसारखी दिसले. आतल्या बाजूला लहान लहान कंगव्यासारख्या चिमट्या होत्या, त्या माझ्या केसांत घट्ट बसल्या. मला वाटलं, काम झालं.

पंधरा दिवसांनी केस गेले. मग त्या चिमट्या धरणार कशाला? नुसत्या कातडीला टोचायच्या. शिवाय दुकानात माझं डोकं केसांसकट 22 इंच भरलं होतं, केस गेल्यावर 21.5 सुद्धा भरेना. म्हणजे टोप सैल. आत मशीननं शिवलेल्या पट्ट्यांच्या ओळी होत्या, त्या उघड्या डोक्याला चुरचुरायच्या. औषधानं कातडी इतकी हळवी होते की उशीची शिवणसुद्धा लागते. एकदा परळहून येताना कल्याण लोकलमध्ये बायकांच्या डब्यात एकीच्या पर्सच्या चेनमध्ये शेपटा अडकला. मी दोन्ही हातांनी डोकं धरून डोंबिवलीपर्यंत उभी होते. तिला वाटलं माझं डोकं दुखतंय. बिचारीनं मला चौथी सीट दिली.

आणि तीन वेळा धुतल्यावर मानेपाशी त्याचा जो गुंता झाला, तो सुटेचना.

असं का झालं, ते मला दुसऱ्या ठिकाणी एका वयस्क कारागिरानं समजावलं, आणि तेच मला आज मुख्यतः सांगायचं आहे. केसावर बारीक खवले असतात, छपरावरच्या कौलांसारखे, मुळाकडून टोकाकडे उतरते. सगळ्या केसांची मुळं एका बाजूला असली की कौलावरून पाणी घसरावं तसे ते एकमेकांवरून घसरतात. असे केस कापतानाच जुडी बांधून ठेवावे लागतात. त्यांना धंद्यात रेमी म्हणतात. उलटसुलट मिसळले की खवल्यात खवला अडकतो. मग व्यापारी ते औषधात बुडवून खवले काढून टाकतात आणि वरून सिलिकॉनची झिलई देतात. दुकानात ते रेशमासारखे लागतात. झिलई धुपली की खरं रूप दिसतं.

हे उलटसुलट केस येतात कुठून? मैत्रिणींनो, ते आपणच देतो. विंचरताना निघालेलं गुंतवळ मी वर्षानुवर्षं पिशवीत साठवत आले, आणि "केसांवर भांडी" म्हणून ओरडत येणारीला देऊन तिच्याकडून वाटी, चमचा घेत आले. त्या पिशवीतलं मूळ कोणतं नि टोक कोणतं हे कोण सांगणार? मी 12,000 देऊन असलंच गुंतवळ डोक्यावर घेतलं होतं. कारागीर हे सांगत होता आणि मला घरची ती स्टीलची वाटी डोळ्यांसमोर दिसत होती.

त्यानं एक परीक्षा शिकवली. टोपातला एकच केस चिमटीत धरा. मुळाकडून टोकाकडे बोटं ओढा, मग उलट ओढा. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट किंचित अडखळत असेल तर खवले शाबूत आहेत. दोन्हीकडून सारखाच सुळसुळीत असेल तर दुकानदाराला चार प्रश्न विचारा. आणि मुळात माणसाचा आहे की कृत्रिम, हे पाहायला एखादा सुटा केस जाळावा. माणसाचा असला तर केस जळल्याचा वास येऊन राख होते, कृत्रिम असला तर वितळून कडक मणी होतो.

दुसरा टोप मी खांद्याच्या वरच ठेवला. लांबी जितकी जास्त तितकं वजन, गुंता आणि किंमतही जास्त. याला 18,000 पडले, निम्मे माझ्या नणंदेनं दिले. भांगापाशी तलम जाळी, तिच्यात एकेक केस हातानं गाठलेला, त्यामुळे भांगातून खालची कातडीच दिसते आहे असं वाटतं. आत मऊ अस्तर, चिमट्या नाहीत. डोक्याला आधी एक मखमली पट्टा बांधायचा, म्हणजे टोप सरकत नाही. रंगही मी काळाकुट्ट घेतला नाही. आपले केस उन्हात पाहिले तर तपकिरी झाक असतेच, चाळिशीनंतर काळंभोर डोकं लांबून ओळखू येतं. केस शिल्लक असतानाच त्यांची एक बट कापून जवळ ठेवा, रंग जुळवायला बरी पडते.

हे केस देवस्थानातले आहेत असं तो म्हणाला. तिरुमलाला कल्याणकट्ट्यावर भक्त केस वाहतात आणि देवस्थान त्यांचा लिलाव करतं हे खरं आहे. माझे त्यातलेच का, याचा पुरावा माझ्याजवळ नाही, मी बोटांवर विश्वास ठेवला. सासूबाईंनी मात्र तेवढं एकच ऐकलं. "देवाला वाहिलेले का?" म्हणाल्या, आणि पहिल्यांदा त्यांनी तो हातात घेतला. त्या दिवसापासून तो ठेवायचा त्यांनी उपड्या कळशीवर. रोज संध्याकाळी रुंद दातांच्या फणीनं टोकापासून वर विंचरून ठेवायच्या. एकदा खोबरेल लावायला निघाल्या, तेव्हा मी धावत गेले. टोपाला तेल चोपडलं की गाठी सैल होतात आणि केस चिकट होऊन बसतात. आठ-दहा वेळा घातल्यावर गार पाण्यात सौम्य शांपूनं धुवायचा, चोळायचा नाही, पिळायचा नाही, टॉवेलात टिपून सावलीत वाळवायचा. एवढंच त्याचं न्हाणं.

पण महाग तेच घ्यावं असं मी म्हणत नाही. दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी बसणारी एक बाई कृत्रिम टोप घालायची. आखूड, हलका, धुतला तरी घडी तशीच राहणारा. तिला पाच-सहा महिन्यांपुरताच हवा होता आणि ती त्यात खूश होती. फक्त एकदा पुऱ्या तळताना कढईच्या आचेनं पुढच्या बटा आक्रसल्या. कृत्रिम घेणारीनं स्वयंपाकाला रुमाल बांधावा. मीही बांधायचे.

ज्यांचे केस मधोमधच विरळ झालेत त्यांना पुरा टोप नको, भांगावर लावायचा तुकडा मिळतो. त्याला चिमट्या चालतात, कारण धरायला केस असतात. पण रोज त्याच जागी लावू नका, ओढ बसून तिथलेही जातील. आणि आधी डॉक्टरांना दाखवा. थायरॉईड नाहीतर रक्त कमी असं काही असलं तर टोपानं ते बरं होत नाही.

ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी दान आलेल्या केसांचे टोप फुकट देणाऱ्या संस्थाही आहेत, दवाखान्यातल्या समाजसेविकेला विचारायचं, लाजायचं नाही. माझ्या पुतणीनं गेल्या वर्षी तिची वेणी तशीच दिली. साधारण बारा इंच लांब लागते, आणि कापण्याआधी दोन्हीकडे रबर लावून बांधायची. का, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

माझे केस परत आले ते आधी कुरळे, पांढरट, पोरासारखे. सासूबाई हात फिरवून बघायच्या. गुंतवळ मी अजून साठवते, मोडत नाही सवय. दोन्ही टोप धुऊन कपाटात ठेवलेत, चांगला आणि फसलेलाही. दोन्ही हातात घेऊन पाहिले की फरक लगेच कळतो. दुपारी तीननंतर मी घरीच असते. कोणासाठी पाहिजे ते सांगायची गरज नाही.