कडुनिंबाचा काढा आणि धातूंचे अब्जांश कण

(बेसा, नागपूर येथील व्याख्यानाचा गोषवारा)



बेसा परिसर आता नागपूर शहराशी एकजीव होत चालला असला, तरी येथील अंगणांत कडुनिंब अजून उभा आहे. गुढीपाडव्याला गुळासह सेवन केल्या जाणाऱ्या या पानांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एक वेगळीच कामगिरी पार पाडली. डॉ. मुरली शास्त्री यांच्या संशोधकगटाने कडुनिंबाच्या पानांचा काढा सोन्याच्या व चांदीच्या क्षारांच्या द्रावणांत मिसळून त्या धातूंचे अब्जांश कण मिळविले. हे संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले. गवती चहाच्या काढ्याने सोन्याचे त्रिकोणी कण घडविण्याचे या गटाचे कार्यही त्याच वर्षीचे.

यात चमत्कार नाही. क्षारातील धातूच्या आयनाला इलेक्ट्रॉन मिळाले की धातू मोकळा होतो. यालाच क्षपण म्हणतात. एरवी त्यासाठी सोडियम बोरोहायड्राइड किंवा हायड्राझिन यांसारखी घातक रसायने वापरली जातात. पानांतील शर्करा, टर्पिनॉइड आदी घटक तेच कार्य करतात आणि कणांभोवती आवरण धरून ते एकमेकांस चिकटू देत नाहीत.

कण इतके सूक्ष्म कशासाठी? उत्प्रेरकाचे कार्य त्याच्या पृष्ठभागावर चालते. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ अवघे ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचेच १० नॅनोमीटर बाजूचे घन केले, तर एकूण पृष्ठफळ ६०० चौरस मीटर भरते. सोने निष्क्रिय मानले जाई. परंतु त्याचे सूक्ष्म कण शून्य अंशाखालीही विषारी कार्बन मोनॉक्साइडचे ज्वलन घडवितात, हे जपानचे मासाताके हारुता यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले.

तथापि, पाल्याचा काढा वापरला एवढ्याने प्रक्रिया ‘हरित’ ठरत नाही. पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ साली हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे मांडली. त्यांतील पहिले तत्त्व टाकाऊ पदार्थ निर्माणच होऊ न देण्याचे आहे. येथे मात्र धातूचा क्षार तोच राहतो. ऋतुमानानुसार पानांतील घटक बदलतात आणि त्यासह कणांचा आकारही. कणांना स्थैर्य देणारे आवरणच कधी उत्प्रेरकाचा पृष्ठभाग झाकून टाकते. शिवाय अशा कणांची क्षमता पुष्कळदा नायट्रोफिनॉलचा पिवळा रंग घालवून दाखविली जाते, आणि त्या चाचणीत बोरोहायड्राइडच सढळ हाताने घातले जाते! निर्मितीत टाळलेले रसायन असे मागील दाराने परत येते.

कडुनिंब आपला, याचा अभिमान रास्तच आहे. परंतु त्या अभिमानाने मोजमापाची जागा घेता कामा नये. पर्यावरणाच्या मोजमापाचे राष्ट्रीय केंद्र असलेली ‘नीरी’ १९५८ पासून याच नागपुरात कार्यरत आहे. या शहरातील विद्यार्थी असा प्रयोग करील, तेव्हा त्याने द्रावणाचा बदललेला रंग अवश्य पाहावा. पण त्याच वहीत किती इंधन लागले, उत्प्रेरक किती वेळा पुन्हा वापरता आला आणि सांडपाण्यात किती चांदी वाहून गेली, हेही नोंदवावे. चांदी जलचरांना विषारी असते.