मोरोक्कोच्या चुलीपाशीं



सुटी कशी घालवावी या प्रश्नाला आजकाल पुष्कळ उत्तरें आहेत. कोणी थंड हवेच्या ठिकाणीं जातो, कोणी तीर्थयात्रा करतो, कोणी जुने किल्ले आणि राजवाडे पाहतो. परंतु परक्या मुलुखांत जाऊन तेथील चुलीपुढें बसावें, कांदे किसावे, कणीक मळावी आणि त्याकरितां पदरचे पैसे मोजावे, ही कल्पना आपल्याकडील पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. "घरीं का चूल नव्हती?" असा प्रश्न निघण्यापूर्वीं मलाही विचारण्यांत आला. तथापि मोरोक्को देशांत आठ दिवस अशा रीतीनें घालविल्यावर माझी खात्री झाली आहे कीं, एखाद्या समाजाचा स्वभाव, त्याचा इतिहास आणि त्याच्यापुढील अडचणी समजून घेण्यास स्वयंपाकघरासारखें दुसरें स्थळ नाहीं. त्या आठ दिवसांत जें पाहावयास व शिकावयास मिळालें, त्यांतील कांहीं भाग आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

मोरोक्को हा आफ्रिका खंडाच्या वायव्य टोंकाचा देश. त्याच्या एका अंगास अटलांटिक महासागर, दुसऱ्या अंगास भूमध्य समुद्र, मधून अ‍ॅटलास पर्वताच्या रांगा आणि दक्षिणेस सहाऱ्याचें वाळवंट. तेथील मूळचे रहिवासी अमाझिग. त्यांनाच आपण भूगोलाच्या पुस्तकांत बर्बर या नांवानें ओळखतों. सातव्या शतकापासून अरब तेथें आले व त्यांच्याबरोबर पूर्वेकडील मसाले आणि मांसांत गोड फळें घालण्याची रीत आली. १४९२ सालीं स्पेनमधील ग्रानाडाचें राज्य बुडालें. तेव्हां व त्यानंतर तेथील मुसलमान आणि यहुदी कुटुंबें फेझ, तेतुआन इत्यादि शहरांत येऊन राहिलीं. पुढें अमेरिका खंडांतून टोमॅटो आणि मिरची आली. आज ज्याला मोरोक्कोचें परंपरागत जेवण म्हणतात तें या सर्वांच्या मिश्रणानें झालेलें आहे.

माझा मुक्काम फेझ शहराच्या जुन्या भागांत होता. परंपरेप्रमाणें ८५९ सालीं फातिमा अल्-फिहरी नांवाच्या एका स्त्रीनें स्थापन केलेली करवीयीन मशीद व विद्यापीठ याच भागांत आहे. तेथील गल्ल्या इतक्या अरुंद कीं मोटार आंत शिरूंच शकत नाहीं. सारा माल गाढवांवरून आणि खेचरांवरून वाहतात. मागून "बालाक! बालाक!" अशी आरोळी आली कीं भिंतीला चिकटून उभें राहावें, कारण त्याचा अर्थ आपल्या 'बालक' शब्दाशीं कांहीं संबंध न ठेवतां 'संभाळा, बाजूला व्हा' असा आहे. मराठी कानाला फसविणारा दुसरा शब्द मला स्वयंपाकघरांत भेटला. तो शब्द 'दादा'. आपल्याकडे दादा म्हणजे वडील भाऊ. मोरोक्कोंत दादा म्हणजे मोठ्या घरांतील स्वयंपाक करणारी आणि मुलें वाढविणारी बाई. मला शिकविणारी बाई अशीच एक दादा होती.

या शब्दामागें एक दुःखद इतिहास आहे. फेझ, मेकनेस, माराकेश या शहरांतील श्रीमंत वाड्यांतून ज्या दादा असत, त्यांपैकीं कित्येक सहाऱ्याच्या दक्षिणेकडून गुलाम म्हणून आणलेल्या स्त्रिया किंवा त्यांच्या लेकी-नाती होत्या. घरच्या मालकिणीकडून आणि एकमेकींकडून त्या पाककला शिकल्या व त्यांनीं ती पराकोटीस नेली. वाड्याच्या मेजवानीची कीर्ति धन्याच्या नांवावर झाली. ज्या हातांनीं ती रांधली त्यांचीं नांवें कोठेंही लिहिलेलीं नाहींत. माझी शिक्षिका साठीच्या पलीकडची होती. तिची आईही दुसऱ्याच्या चुलीपुढेंच म्हातारी झालेली. तिला लिहितां-वाचतां येत नव्हतें. तिची नात कॉलेजांत शिकत होती व तीच आमची दुभाषी. आम्ही सर्वजणी आजीला 'लल्ला' म्हणत असूं; बाईमाणसाला आदरानें हांक मारण्याचा तेथील तो शब्द आहे.

पहिल्याच दिवशीं मीं वही काढली आणि जिरें किती घालावें असें विचारलें. लल्लांनीं माझ्या वहीकडे पाहून एक म्हण सांगितली. 'ऐनिक मीझानिक', म्हणजे 'तुझे डोळे हाच तुझा तराजू.' आपल्याकडे 'हाताचा अंदाज' म्हणतात तोच हा प्रकार. परंतु अंदाज म्हणजे मन मानेल तसें नव्हे. मोरोक्कोच्या रसाळ पदार्थांना एक व्याकरण आहे. आलें, केशर आणि तेल यांचा जो पिवळा रस होतो तो 'मकल्ली'. लोणी, जिरें आणि लाल गोड मिरचीची पूड यांचा तो 'महम्मर'. आणि पुष्कळ कांदा, केशर, मिरीं व 'स्मेन' घालून होतो तो 'कद्रा'. स्मेन म्हणजे खारवून मुरविलेलें लोणी. त्याचा वास प्रथम उग्र वाटतो, परंतु जिभेला त्याची गोडी लवकर लागते. या तीन रसांचा भेद ध्यानांत आला कीं, पदार्थांच्या लांबलचक याद्या पाठ करण्याचें कारण उरत नाहीं. 'रास-एल्-हानूत' या प्रसिद्ध मसाल्याचा अर्थ 'दुकानांतील शिरोमणि' असा असून त्यांत वीस-वीस जिन्नसही असतात. पण त्याचें ठराविक प्रमाण असें नाहीं. प्रत्येक मसालेवाल्याचा मसाला वेगळा.

आपल्या बायकांना सर्वांत नवल वाटेल तें हें कीं, तेथें फोडणी नाहीं. ताजीन म्हणजे शंकूच्या आकाराचें उंच झांकण असलेलें मातीचें पसरट भांडें. त्यांत शिजणाऱ्या पदार्थालाही तेंच नांव. कोंबडीचें मांस, किसलेला कांदा, लसूण, आलें, केशर, कोथिंबीर आणि तेल हें सारें थंड असतांनाच एकत्र करून तें भांडें कोळशाच्या मंद शेगडीवर ठेवतात. वाफ उंच झांकणाला लागून थंड होते आणि थेंबाथेंबानें पुन्हां खालीं उतरते. त्यामुळें पाणी अगदीं थोडें लागतें. लल्ला झांकण वारंवार उघडीत नसत. त्या कान देऊन ऐकत. आंतील आवाज बारीक आणि एकसारखा असला म्हणजे ठीक. चर्र् असा आवाज आला कीं निखारे बाजूस ओढावयाचे.

या ताजीनमध्यें शेवटीं ऑलिव्हचीं फळें आणि मुरलेलें लिंबू पडतें. तें लिंबू करण्याची कृति अगदीं सोपी आहे. लिंबाला चार चिरा द्याव्या, पण फोडी सुट्या होऊं देऊं नयेत. चिरांत मीठ भरावें, बरणींत घट्ट दाबून बसवावें, वर लिंबाचाच रस ओतावा आणि महिनाभर हात लावूं नये. तेल नाहीं, तिखट नाहीं, गूळ नाहीं. महिन्यानंतर त्या सालीला जो मऊपणा आणि जो सुगंध येतो, तो ताज्या लिंबांत कोठेंही नसतो.

शुक्रवार हा कुसकुसचा दिवस. दुपारची नमाज झाल्यावर घरोघर एकाच मोठ्या थाळ्याभोवतीं सारें कुटुंब बसतें. कुसकुस म्हणजे कठीण गव्हाच्या रव्याचे बारीक दाणे. मोठ्या काठवटींत रवा घ्यावयाचा, त्यावर मिठाच्या पाण्याचा शिपका मारावयाचा, थोडें पीठ भुरभुरावयाचें आणि पसरलेल्या तळहातानें तो गोल गोल फिरवीत राहावयाचें. हळूहळू दाणे बांधले जातात. मग ते चाळून सारखे करावयाचे. खालच्या हंड्यांत मांस, हरभरे, गाजर, सलगम, कोबी, लाल भोपळा शिजत असतात. वर आपल्या मोदकपात्राच्या चाळणीसारखें भोंकांचें भांडें बसवून त्यांत हे दाणे वाफवितात. दोन भांड्यांच्या सांध्यांतून वाफ निसटूं नये म्हणून पिठाच्या खळींत बुडविलेली चिंधी भोंवतीं गुंडाळतात. एकदां वाफ आली कीं दाणे काठवटींत उपसून, पाणी शिंपडून, हातांनीं मोकळे करावयाचे आणि पुन्हां वाफेवर चढवावयाचे. असें तीन वेळां. तिसऱ्या वाफेनंतर दाणा दाण्याला चिकटत नाहीं आणि तरीही मऊ असतो. सकाळीं सुरू केलेलें हें काम दुपारपर्यंत चाललें. याच विद्येची २०२० सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या अमूर्त वारशांत नोंद केली. अर्ज मोरोक्को, अल्जीरिया, ट्यूनीशिया व मॉरिटानिया या चारही देशांनीं मिळून केला होता. एरव्हीं ज्यांचें फारसें पटत नाहीं असे शेजारीही एका थाळ्यापाशीं एकत्र आले, ही गोष्ट लहान नव्हे.

स्वयंपाकाचा कांहीं भाग तेथें घराबाहेर होतो. जुन्या शहरांत प्रत्येक मोहल्ल्याची मशीद, पाण्याचा हौद, स्नानगृह आणि भट्टी असावयाचीच. घरीं मळलेल्या कणकेचे गोळे फळीवर मांडून मुलें भट्टीवर नेत आणि भाजलेल्या भाकरी परत आणीत. कोणत्या घरची भाकरी कोणती हें भट्टीवाला पाहतांच ओळखी. माराकेशची 'तंजिया' तर पुरुषांचा पदार्थ. मातीच्या उभ्या घड्यांत मांस, लसूण, जिरें, केशर आणि मुरलेलें लिंबू भरून, तोंड बांधून, तो घडा स्नानगृहाचें पाणी तापविणाऱ्या भट्टीच्या राखेंत पुरतात आणि कित्येक तासांनीं काढून घेतात. ज्या विस्तवानें मोहल्ल्याचें अंग धुतलें जातें, त्याच विस्तवावर त्याचें जेवणही शिजतें.

आतां या सर्वांचें पुढें काय होणार, हा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. घरोघर गॅस आला, बाजारांत अर्धवट शिजविलेला कुसकुस पुड्यांतून मिळतो, मुली शाळा-कॉलेजांत जातात, नोकऱ्या करतात. हें वाईट आहे असें म्हणण्याची माझी तयारी नाहीं. ज्या कलेचें आपण कौतुक करतों, ती बायकांच्या बिनमोल वेळावर आणि पुष्कळदां त्यांच्या पारतंत्र्यावर उभी होती. मीं त्या नातीला विचारलें, "तूं हें सारें शिकणार काय?" तिनें थोडा विचार करून उत्तर दिलें, "माझ्या आजीला हें शिकल्यावांचून गति नव्हती. मला दुसरी वाट आहे. म्हणून मी शिकेन ती माझ्या खुषीनें शिकेन, आणि त्याचा मोबदलाही घेईन." हें भाषांतर करून तिनें आजीला ऐकविलें. लल्ला हंसल्या आणि म्हणाल्या, "मोबदला घे, पण तिसरी वाफ चुकवूं नकोस."

मला वाटतें, या दोन वाक्यांत सर्व प्रश्नाचें उत्तर आलें आहे. स्त्रिया मोकळ्या झाल्या म्हणून कला मरावी असें नाहीं. मात्र ती फुकट मिळेल ही अपेक्षा आपण सोडली पाहिजे. माराकेश येथें 'अमल' नांवाची एक संस्था आहे. अमल म्हणजे आशा. हलाखींत असलेल्या स्त्रियांना ती स्वयंपाकाचें रीतसर शिक्षण देते आणि त्यांना स्वतःच्या पायांवर उभें करते. तिच्या उपाहारगृहांत जेवण मिळतें आणि पाहुण्यांसाठीं वर्गही भरतात. तेथें हाताच्या विद्येला धंद्याची प्रतिष्ठा आणि वेतन मिळतें. याच्या उलट, सर्व कांहीं आधींच चिरून-शिजवून ठेवलेलें, पाहुण्यानें फक्त झांकण उचलावें आणि छायाचित्र काढून घ्यावें, असेही दोन घटकांचे वर्ग प्रवाशांसाठीं निघाले आहेत. पैसे दोन्हीकडे जातात. विद्या मात्र एकाच ठिकाणीं राहते. कोणता वर्ग निवडावयाचा हें प्रवाशाच्या हातीं आहे.

म्हणून कोणी असा प्रवास योजील, तर माझी एवढीच सूचना आहे कीं, शिकविणाऱ्या बाईचें नांव आधीं विचारावें, तिच्याबरोबर सकाळीं बाजारांत जावें, आणि एका दिवसांत दहा पदार्थ करण्यापेक्षां एकच पदार्थ आरंभापासून शेवटपर्यंत आपल्या हातानें करावा. घरीं परतल्यावर तो पदार्थ कोणाच्या पानांत वाढाल तेव्हां तो कोणीं शिकविला हेंही सांगावें. शेंकडों वर्षें ज्यांचीं नांवें कोणीं घेतलीं नाहींत, त्यांचें ऋण फेडण्याचा एवढा मार्ग तरी आपल्याला मोकळा आहे.