प्रौढपणीं शिकलेली इटालियन

परभाषा शिकावयाची ती लहानपणीं. चाळिशी आली कीं जीभ वळत नाहीं, असा समज सुशिक्षित कुटुंबांतहि आढळतो. त्यांत थोडें तथ्य आहे. उच्चाराचें अनुकरण मुलाला जितकें सहज साधतें तितकें प्रौढाला साधत नाहीं. परंतु भाषा म्हणजे केवळ उच्चार नव्हे. दोन विदुषींच्या उदाहरणांवरून हें स्पष्ट होईल.

अॅन गोल्डस्टीन या अमेरिकेंतील ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकांत संपादनाचें काम करीत. तिशी मागें पडल्यावर त्यांनीं कांहीं सहकाऱ्यांसह इटालियनची शिकवणी धरली. दान्ते मुळांतून वाचावा, हा हेतु. १९९२ सालीं त्यांचा पहिला अनुवाद प्रसिद्ध झाला. पुढें एलेना फेर्रान्ते यांच्या कादंबऱ्या त्यांनींच इंग्रजींत आणल्या.

झुंपा लाहिरी यांची कथा याहून निराळी. आईबाप बंगाली, जन्म लंडनचा, वाढ अमेरिकेंतील. इंग्रजी कथांबद्दल त्यांना २००० सालीं पुलित्झर पारितोषिक मिळालें. १९९४ मध्यें फ्लॉरेन्सला गेल्या असतां इटालियन कानीं पडली ती मनांत घर करून राहिली. २०१२ सालीं, पंचेचाळिशीच्या सुमारास, त्यांनीं रोमला बिऱ्हाड केलें आणि इटालियनमध्यें लिहिण्यास आरंभ केला. त्यांतून २०१५ सालीं ‘इन आल्त्रे पारोले’ हें पुस्तक निघालें. तें इंग्रजींत त्यांनीं स्वतः उतरविलें नाहीं. तें काम गोल्डस्टीन यांनीं केलें. एका प्रौढ विद्यार्थिनीचें लेखन दुसरीच्या हातून जगापुढें आलें!

वास्तविक मराठी माणसाला ही भाषा फारशी परकी वाटूं नये. ती बहुतांशीं लिहिल्याप्रमाणेंच वाचली जाते. मराठींत ‘जातों’ म्हटलें कीं ‘मी’ म्हणावें लागत नाहीं. तिकडेहि ‘वादो’ एवढ्यानें भागतें. ‘गडी’ आणि ‘गड्डी’ यांतील भेद ज्याच्या कानाला कळतो, त्याला ‘पाला’ म्हणजे फावडें व ‘पाल्ला’ म्हणजे चेंडू हाहि भेद कळेल. गंमत आहे ती आदरार्थी संबोधनाची. आपण वडीलधाऱ्यांशीं बोलतांना अनेकवचन वापरतों. इटालियन मनुष्य समोरच्या गृहस्थालाहि ‘लेई’, म्हणजे शब्दशः ‘ती’, असें संबोधितो.

मग प्रौढाला अडतें कोठें? बहुधा प्रतिष्ठेपाशीं. ज्याच्या शब्दाला घरांत व कचेरींत मान आहे, त्याला भाजीवाल्यापुढें अडखळण्याची लाज वाटते. मुलाला ही लाज नसते, म्हणून तें चुकत चुकत पुढें जातें. ज्या इंग्रजीनें कीर्ति दिली ती बाजूला ठेवून लाहिरी यांनीं तोकड्या शब्दसंग्रहाचें दारिद्र्य आपण होऊन पत्करलें. येथें खरा त्याग वेळेचा नाहीं, प्रौढीचा आहे.

तेव्हां निवृत्तीनंतर ज्यांना एखादी भाषा खुणावीत असेल, त्यांनीं वयाचा हिशेब करीत बसूं नये. रोज दहा शब्द, एक पान वाचन आणि चुकण्याची तयारी, एवढें भांडवल आरंभास पुरेसें आहे.