कागदातला उजेड



दिवाळीच्या आगेमागे ३१ ऑक्टोबर येतो. त्या दिवशी अमेरिकेत पोरं भोपळा पोखरतात, त्याला डोळे-दात कोरतात आणि आत दिवा ठेवतात. हॅलोविन म्हणतात त्याला. मूळ चाल आयर्लंडची. तिथे सलगम कोरत; अमेरिकेत गेल्यावर त्या लोकांना भोपळा सापडला, आपण ज्याला कोहळं म्हणतो ते. मोबाईलवर हे सगळं पाहून आता यवतमाळच्या पोरांनाही कागदाची चमकती भुतं हवी असतात. मला यात काही वावगं वाटत नाही. भूत करू द्या. फक्त ते आपल्या आकाशकंदिलात बसवा.

एकेक हात लांबीच्या दहा कामट्या घ्या. कडा आधी तासा, सालपट बोटात शिरतं. पाच कामट्यांची एक चांदणी, अशा दोन बांधायच्या. एकीवर एक ठेवून पाचही टोकं दोऱ्यानं आवळायची. मग आत जिथे कामट्यांची फुली पडते, अशा पाच जागी चार-चार बोटांच्या काड्या उभ्या अडकवायच्या. सपाट चांदणी एकदम फुगते! ही शेवटची काडी पोराच्याच हातानं बसू द्या. खळ कणकेची चालते. जुने लोक कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद टाकत. ते विष आहे, लहान हात खळीत असताना नको.

आता भूत. वर साधा पांढरा कागद चिकटवा. खळ वाळली की खोबरेल तेलात कापसाची काडी बुडवून त्यावर दोन मोठे डोळे काढायला सांगा. दिवसा ते जेमतेम दिसतील. आत दिवा लागला की तेवढेच डोळे झळाळतात. असं का होतं, हे पोरं विचारतातच, आणि उत्तर सोपं आहे. कागद म्हणजे तंतूंचं जाळं, मधे हवा. तंतूतून हवेत, हवेतून पुन्हा तंतूत जाताना उजेड दर वेळी वळतो, विखुरतो. तेल त्या फटी भरून काढतं. उजेडाला तेल आणि तंतू जवळपास सारखेच, म्हणून तो फारसा न विखुरता आरपार येतो. भज्यांच्या पुडीवरचा डाग उजेडासमोर धरून दाखवा, लगेच पटेल. नाक-तोंडासाठी काळा कागद कापून आतल्या बाजूनं लावा; त्याची सावली रात्रीच उमटते. कुणी घुबड करील, कुणी बैल. आमच्याकडे एकीनं पळसाची तीन पानं केली होती, फार सुंदर दिसली.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. आपल्या जिल्ह्यात हे दिवस कापूस वेचणीचे. राळेगाव-मारेगावकडे कितीतरी घरांत ओसरीपर्यंत कापूस भरलेला असतो. तेलकट कागद आणि शेजारी कापूस, तिथे पणती किंवा मेणबत्ती अजिबात नको. जुना पिवळा बल्बही तापतो. सेलवर चालणारा छोटा एलईडी पुरे.

आणि कंदील टांगला की अंगणातला मोठा दिवा आधी बंद करा. मग बटण त्याच्याच हातात द्या, ज्यानं डोळे काढले.