घरचं काजळ



आज आपण काजळाविषयी चार गोष्टी बोलू.

काजळ घरी धरायची चाल जुनी आहे. ते कसं धरतात? माक्याची ताजी पानं स्वच्छ धुऊन वाटतात. त्यांच्या रसात सुती फडकं भिजवतात आणि सावलीत वाळवतात. त्या फडक्याची वात करतात. पणतीत एरंडेल तेल घालून ती वात लावतात. दोन्ही बाजूंना दोन विटा ठेवून वर तांब्याचं ताट पालथं घालतात. ज्योतीची काजळी ताटाला धरते. ताट निवलं, की ती खरवडून घेतात. तीत साजूक तुपाचे दोन थेंब घालून खलतात. झालं काजळ!

काही जणी त्यात कापूर घालतात. कापरानं डोळ्याला गार वाटतं, पण नाजूक डोळ्याला तो झोंबतो. ज्यांचे डोळे लवकर लाल होतात, त्यांनी कापूर घालू नये. काजळ थोडंच करावं. डबी स्वच्छ व कोरडी असावी. तुपाला वास आला, की ते काजळ टाकून द्यावं.

आता कोणी विचारील, “घरचं आहे, पाल्याचं आहे, मग भीती कसली?” बाई, पाला वातीत जळून जातो. हाती उरते ती काजळी, म्हणजे दिव्याचा धूर. चुलीचा धूर डोळ्यांत गेला तर चुरचुरतं की नाही? मग धूर तुपात कालवला म्हणून तो औषध होत नाही. काजळ ही हौस आहे. मोठ्या बाईनं हौस जरूर करावी. मात्र ते पापणीच्या बाहेरून, केसांच्या कडेला लावावं. आत बुबुळापर्यंत बोट घालू नये. रात्री निजताना पुसून टाकावं.

आणखी एक गोष्ट. एकाच डबीत सगळ्या घराची बोटं जाऊ देऊ नका. एकीचे डोळे आले, की त्या बोटानं सगळ्यांचे येतात. खुपरीचा रोगही असाच बोटांनी, फडक्यांनी आणि माशांनी पसरतो. त्या रोगानं एके काळी आपल्या देशात फार लोक आंधळे झाले. आता तो रोग पुष्कळ हटला आहे. 2024 साली जागतिक आरोग्य संघटनेनं तसं जाहीरही केलं. पण बोटं धुण्याची सवय सोडून चालणार नाही.

बाजारात चकाकणारा सुरमा मिळतो. पुष्कळ सुरम्यांत शिसं असतं. शिसं हे विष आहे. डोळ्यातून नाकात एक बारीक नळी जाते. म्हणून तर रडताना नाक वाहतं. त्या वाटेनं आणि तोंडात घातलेल्या बोटांनी शिसं पोटात जातं. त्यानं मुलाचं रक्त कमी होतं आणि मेंदूची वाढ खुंटते. असा सुरमा घरात आणू नका.

आता तान्ह्या बाळाचं बोलू. आजीबाई म्हणतील, “काजळानं डोळे मोठे होतात. आम्ही सगळ्यांना घातलं.” आजीबाई, तुमची माया खरी आहे. पण डोळा केवढा व्हायचा, ते काजळावर नाही. तान्ह्या बाळाची ती नळी फार अरुंद असते. काही बाळांची तर जन्मतः बंदच असते. मग डोळ्यांना पाणी येतं. तिथं काजळ घातलं, बोट लागलं, की डोळा चिकटतो व पू धरतो. दृष्ट लागेल असं वाटत असेल, तर तीट तळपायाला लावा. डोळ्यात मात्र काही घालू नका.

जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत बाळाच्या डोळ्यांतून पू आला, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. एक-दोन दिवसांच्या उशिरानं डोळा जाऊ शकतो. मध, अंगावरचं दूध, झाडाचा चीक असले उपाय करत बसू नका. मोठ्या माणसाचा डोळा दुखला, लाल झाला, कमी दिसू लागलं, तरी आधी काजळ बंद करा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

काजळाची डबी घरात असू द्या. ती लेकीसुनांच्या हौसेसाठी असू द्या. बाळाचे डोळे मात्र उकळून निववलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसानं पुसा. दोन डोळ्यांना दोन वेगळे बोळे घ्या. एवढं केलं तरी पुष्कळ झालं.